नंदादेवी : पायथा गाठण्याचीच लढाई

कांचनजंगा आपल्याला नेपाळशी वाटून घ्यावं लागतं. नंदादेवी मात्र सगळी आपली, उत्तराखंडातली. उंची ७,८१६ मीटर. आणि तरी गिर्यारोहकांची पहिली पन्नास वर्षं शिखर दूरच, तिच्या पायथ्याशी पोहोचण्यातच गेली.

कारण समोर दिसतंच आहे. तिच्याभोवती शंभरहून अधिक किलोमीटर घेराची डोंगरांची तटबंदी आहे, आणि ती कुठेही सुमारे ५,२०० मीटरच्या खाली येत नाही. वाट एकच, पश्चिमेला ऋषिगंगेनं कापलेली घळ. १८८३ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक ग्रॅहम त्या घळीतून माघारी फिरला. १९०५ मध्ये त्याच्याच देशाच्या लाँगस्टाफनं कड्यावरून आत नुसतं डोकावून पाहिलं. रटलेजनं तीनदा प्रयत्न केले, तिन्ही फसले.

१९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक आले. सोबत आंग थारके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा. मोठा लवाजमा नाही, फारसे पैसे नाहीत. घळीच्या उभ्या भिंतींवर पाऊलभर रुंदीचे कंगोरे शोधत, पाठीवरचं सामान दोरानं खालीवर करत हे पाच जण आत उतरले. माझ्या मते नंदादेवीच्या इतिहासातला खरा पराक्रम हाच. माथ्यावरची चढाई त्यानंतरची.

ती झाली २९ ऑगस्ट १९३६ रोजी. शेवटच्या टप्प्यावर नोएल ओडेलबरोबर अमेरिकन चार्ल्स ह्यूस्टन जाणार होता. डब्यातलं मांस बाधलं आणि त्याच्या जागी टिलमन गेला. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या मॅलरी आणि आयर्विनला शेवटचं पाहणारा ओडेल तो हाच! त्यानंतर १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसानं याहून उंच शिखर गाठलं नव्हतं.

मुख्य आणि पूर्व शिखरांना जोडणारी धार मात्र हाती येईना. १९५१ मध्ये द्यूप्ला आणि विन्ये हे फ्रेंच गिर्यारोहक तिच्यावर निघाले, ते कायमचे बेपत्ता झाले. त्यांचा माग काढायला तेनझिंग नोर्गे पूर्व शिखर चढले. ती धार पार झाली १९७६ मध्ये, भारत-जपान मोहिमेत.

१९६५ मध्ये चीनवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिका आणि भारतानं प्लुटोनियमवर चालणारं यंत्र इथं वर नेलं. वादळामुळे ते वाटेतच बांधून ठेवावं लागलं, आणि पुढच्या वर्षी जागेवर नव्हतं. ते आजवर सापडलेलं नाही.

मोहिमा वाढल्या, तसा कचरा वाढला आणि जळणासाठी झाडं तुटली. १९८३ पासून आतला परिसर गिर्यारोहणाला बंद आहे. निर्णय योग्यच होता, पण त्याची किंमत गिर्यारोहकांपेक्षा जास्त मोजली ती पायथ्याकडच्या लातासारख्या गावांनी. ओझी वाहण्याची त्यांची कमाई आणि आतली चराऊ कुरणं, दोन्ही एकदमच गेली.