व्हिडिओ आवडला, डोक्यात काय राहिलं?

[दृश्य : वर उडालेला चेंडू, संथ गतीत]

चेंडू हातातून सुटून वर चाललाय. या क्षणी त्याच्यावर कोणतं बल काम करतंय? बरेच जण म्हणतात, हातानं दिलेलं, वर ढकलणारं. हे उत्तर चूक आहे. हवेचा किरकोळ विरोध सोडला, तर वर जाताना, टोकावर आणि खाली येताना बल एकच : गुरुत्वाकर्षण.

डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएच.डी. करताना विद्यार्थ्यांना याच विषयावरचा व्हिडिओ दाखवला. सोपी भाषा, स्वच्छ आकृत्या, चूक शोधूनही सापडणार नाही. मुलं म्हणाली, छान समजलं. आधीच्या चाचणीत २६ पैकी सरासरी ६ गुण होते, व्हिडिओनंतर ६.३ झाले. वाढला तो आत्मविश्वास! ‘हे तर येतंच आपल्याला’ म्हणत मुलांनी नीट ऐकलंच नव्हतं. आपली जुनी समजूतच व्हिडिओत सांगितली, असं त्यांना वाटत होतं.

मग दुसरा व्हिडिओ. यात एक पात्र आधी तीच चुकीची समजूत ठामपणे मांडतं आणि मग तिची चिरफाड होते. हा मुलांना गोंधळात टाकणारा वाटला. गुण मात्र ११ वर गेले.

[दृश्य : मोबाइलवर सरकणारी व्हिडिओंची यादी]

२०११ मध्ये मुलर यांनी यूट्यूबवर ‘व्हेरिटासियम’ हे विज्ञानाचं चॅनल सुरू केलं. पण असं चॅनल आपल्यापर्यंत आपोआप येईलच असं नाही. यूट्यूबनं २०१२ मध्ये शिफारशींसाठी नुसत्या व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली. तुम्ही किती वेळ पाहिलं हे यंत्राला कळतं, किती कळलं हे कुठून कळणार? नोव्हेंबर २०२१ पासून तर डिसलाइकचा आकडाही प्रेक्षकांना दिसत नाही.

म्हणून शोधताना विषय नाही, प्रश्न टाइप करा. नुसतं ‘कृष्णविवर’ टाकलं की भडक चित्रं आणि उद्गारचिन्हं. ‘कृष्णविवराचं वस्तुमान कसं मोजतात’ विचारलं, की मोजमापाबद्दल बोलणारी माणसं वर येण्याची शक्यता वाढते. पाहण्याचा इतिहास बंद ठेवून जुना पुसला, तर मुखपृष्ठावरच्या शिफारशीही थांबतात. सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण करून पाहण्यासारखं आहे.

नवं चॅनल जोखायचा माझा आवडता मार्ग सोपा आहे. स्वतःला पक्कं माहीत असलेल्या विषयावरचा त्यांचा एखादा व्हिडिओ पाहायचा. वायरमननं वायरिंगचा पाहावा, नर्सनं इंजेक्शनचा. तिथं थापा सापडल्या, तर कृष्णविवरावर विश्वास का ठेवायचा? मग खाली वर्णन उघडून संदर्भ दिलेत का ते बघायचं.

बोलतंय कोण, हेही पाहा. ब्रॅडी हॅरन यांनी २००८ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांसमोर कॅमेरा धरला. त्यातून झालेल्या ‘पीरिऑडिक व्हिडिओज’ या चॅनलवर मूलद्रव्यांबद्दल प्राध्यापक मार्टिन पोलियाकॉफ बोलतात, तेही प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या सहजतेनं. ग्रँट सँडरसन यांनी ‘थ्रीब्लूवनब्राउन’ या आपल्या चॅनलवर गणित दाखवण्यासाठी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं केलं.

[दृश्य : रंगीत ॲनिमेशन, मग कोरा पडदा]

चॅनल चुकल्यावर काय करतं, यावरून मात्र सगळ्यात जास्त कळतं. म्युनिकच्या ‘कुर्त्सगेझाग्ट’ या ॲनिमेशनवाल्या विज्ञान-चॅनलनं २०१९ मध्ये स्वतःचे दोन गाजलेले व्हिडिओ काढून टाकले : एक व्यसनाधीनतेवरचा, दुसरा युरोपातल्या निर्वासितांवरचा. आपल्याच कसोटीला ते उतरत नाहीत, असं त्यांनी जाहीर सांगितलं. मागे प्रचंड व्ह्यूज असताना असं करायला धमक लागते.

आणि कधी चॅनल बरोबर असतं, तेव्हाही वाद घालायची तयारी लागते. २०२१ मध्ये मुलर यांनी ‘ब्लॅकबर्ड’ ही गाडी चालवून दाखवली. इंजिन नाही, फक्त वारा. तरी वाऱ्याच्याच दिशेनं वाऱ्यापेक्षा जास्त वेगानं पळणारी. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर कुसेंको म्हणाले, हे शक्यच नाही. पैज लागली, १०,००० डॉलरची. मुलर जिंकले. त्यावरच्या व्हिडिओत कुसेंको यांचे आक्षेप एकेक करून मांडलेत, इतके नीट की मधल्या काही मिनिटांत आपणही त्यांच्याच बाजूनं झुकू लागतो.