पडलेल्या हिमाचे पुढे काय होते

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, जमिनीवर पडलेल्या हिमात होत जाणारे बदल हा आजचा विषय आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी आपल्या हातातील निमंत्रणपत्रिकेविषयी तक्रार नोंदवणे मला भाग आहे. तिच्यावरील हिमस्फटिकाला आठ पाकळ्या आहेत. मी त्या दोनदा मोजल्या, कारण पहिल्या वेळी दोष चष्म्याचा असावा असे वाटले. (हशा) पाण्याचा रेणू गोठताना शेजारच्या चार रेणूंशी जोडला जातो, त्या जोडणीतून षटकोनी कडी बनतात आणि म्हणून पाकळ्या सहा येतात. दोन स्फटिक एकमेकांत अडकून बाराही होतात. आठाची सवलत मात्र निसर्गाने चित्रकारांनाच दिलेली दिसते. सहाच का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ केपलरने १६११ मध्ये एका पुस्तिकेत विचारला होता. त्याला उत्तर सापडले नाही, पण त्याने मोजणी तरी बरोबर केली होती.

दुसरी तक्रार हिमकणाला ‘गोठलेला थेंब’ म्हणण्याविषयी आहे. ढगातील सूक्ष्म थेंब शून्याखालीही द्रवच राहतात. गोठण्यास आधार देणारा कण मिळाला नाही, तर उणे ३५ अंशांच्याही खाली. बर्फावरील संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवेत आणखी बाष्प मावेनासे होते तेव्हाचा बाष्पाचा दाब, द्रव पाण्यावरील दाबापेक्षा कमी असल्यामुळे थेंब आटत जातात आणि त्यांच्या बाष्पावर शेजारचा स्फटिक पोसला जातो. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ नाकाया यांनी १९३६ मध्ये असा स्फटिक प्रयोगशाळेत वाढवला, तोही सशाच्या केसावर. इतर धाग्यांवर नुसतेच दहिवर साचत असे. उणे ५ अंशांच्या आसपास सुया, उणे १५ च्या आसपास पाकळ्यांचे तारे, हा तापमानाचा हिशेब त्यांच्याच प्रयोगांतून स्पष्ट झाला. सशाविषयी मी आणखी बोललो असतो, परंतु अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि तीन मिनिटे उरली आहेत.

तेव्हा मूळ विषय थोडक्यात सांगतो. हिमाच्या थरात तापमान सर्वत्र सारखे असेल, तर स्फटिकांची टोके झिजतात, त्यांचे बाष्प कणांमधल्या खाचांत बसते, कण गोलावतात आणि सांधे जाड होतात. म्हणून हिम एकदाही न वितळता घट्ट होते. त्यावर वर्षानुवर्षे नवे थर साचले आणि घनता घनमीटरला सुमारे ८३० किलोग्रॅमपर्यंत गेली, की छिद्रांतील हवा कोंडली जाते आणि हिमनदीचा बर्फ तयार होतो.

तळ उबदार आणि पृष्ठभाग अतिथंड असला की चित्र उलटते. मीटरला दहा अंशांहून अधिक फरक पडला, तर वर चढणारे बाष्प तळाशी कोनदार, पेल्यांसारखे पोकळ कण घडवते. ते मुठीत दाबले तरी गोळा होत नाहीत, साखरेसारखे बोटांतून गळतात. तीव्र उतारावर त्यांच्यावर नव्या हिमाची जाड लादी बसली, की हा कच्चा थर एखाद्या माणसाच्या पावलानेही खचतो आणि लादी सबंधच्या सबंध खाली सुटते. पेल्यांची छायाचित्रे मी आणली आहेत. ती सभागृहाबाहेरच्या टेबलावर ठेवतो.