एका ठसक्याचा माग

(ऑपरेशन थिएटर. दिवे मंद. मॉनिटरभर गुलाबी, ओलसर भिंती.)

दोन वर्षांच्या एका मुलीची श्वासनलिका आपण दुर्बिणीतून, म्हणजे तोंडावाटे घातलेल्या कॅमेऱ्याच्या नळीतून, आतून पाहतोय. या पांढरट कमानी दिसतात ना, त्या कूर्चेच्या. नळी उघडी राहते ती त्यांच्या आधारावर. पुढे वाट दुभंगते. डावी बाजू मोकळी आहे. उजवीकडे पिवळा पू साचलाय आणि त्याच्या आड काहीतरी तपकिरी चमकतंय.

सहा आठवडे ही मुलगी खोकतेय. दोनदा न्यूमोनिया झाला, दोनदा अँटिबायोटिक झालं. औषध चालू तोवर बरं, बंद केलं की पुन्हा ताप. दोन्ही वेळा जागा तीच, उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग. न्यूमोनिया असा एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा डोकं वर काढू लागला, की अनुभवी डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकते: तिकडे जाणाऱ्या वाटेतच काही अडकलं नाही ना?

मग त्यांनी आईला एकच प्रश्न विचारला. "हिला खाता खाता कधी जोरात ठसका लागला होता?"

आई क्षणभर थांबली. हो, लागला होता. तोंडात शेंगदाणे होते आणि ही पळत होती. जीव घुसमटला, चेहरा लालबुंद झाला. मग खोकून खोकून शांत झाली आणि पुन्हा खेळायला गेली. तिथेच तो विषय संपला.

फसगत होते ती इथेच. अडकलेली वस्तू श्वासनलिकेतून खाली सरकून एका फांदीत बसली, की खोकला कमी होतो. घरच्यांना वाटतं, निघून गेलं. आत मात्र दाणा ओल शोषून फुगत राहतो, त्याच्या तेलानं भोवतीचं अस्तर सुजतं. एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही. कधी फक्त एक बाजू जास्त काळी दिसते, कारण श्वास घेताना नळी जरा रुंदावते आणि हवा आत शिरते, सोडताना नळी आवळली की ती तिथेच कोंडते. कधी एक्स-रे अगदी स्वच्छही येतो. म्हणून ठसक्याची हकीकत पक्की असेल, तर एक्स-रे चांगला आला एवढ्यावर समाधान मानायचं नसतं. दुर्बीण घालून पाहायचं असतं.

(जुनी छायाचित्रं.)

१८९७ साली जर्मनीत फ्रायबुर्ग इथे गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेलं हाडाचा तुकडा ताठ नळीतून काढला. पुढे फिलाडेल्फियात शेव्हालियर जॅक्सन यांनी रुग्णांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून काढलेल्या २,३७४ वस्तू जपून ठेवल्या. टाचण्या, बटणं, नाणी, खेळण्यांचे तुकडे. तिथल्या म्युटर संग्रहालयात त्या आजही खणांमध्ये मांडलेल्या आहेत. १९६०च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदा यांनी लवचीक दुर्बीण आणली.

दुर्बिणीचे ताठ आणि लवचीक, दोन्ही प्रकार आज लागतात. नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद. चार मिलिमीटरच्या नळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली, तर रुंदी निम्मी होते आणि हवेला होणारा अडथळा तब्बल सोळा पट वाढतो. त्यामुळे मुलांची लवचीक दुर्बीण साधारण २.८ मिलिमीटरची असते आणि त्यातूनच शोषून घेण्याची बारीक वाट काढलेली असते. २.२ मिलिमीटरच्या दुर्बिणीत तेवढीही जागा नसते, तिच्यातून फक्त पाहता येतं.

पण नुसतं पाहण्यातही खूप काही आहे. श्वास घेताना बाळाचा आवाज येतो, घरचे धास्तावतात. दुर्बिणीत दिसतं, की स्वरयंत्रावरचा मऊ भाग प्रत्येक श्वासासरशी आत ओढला जातोय. बहुतेक बाळांत हे दीड-दोन वर्षांत आपोआप सुधारतं. हे दिसावं म्हणून भूल बेताचीच देतात, मूल स्वतः श्वास घेत राहिलं पाहिजे. कुणाची श्वासनलिकाच श्वास सोडताना मिटते, कुणाची बाहेरून रक्तवाहिनीनं दाबलेली असते आणि तो दाब नाडीच्या ठोक्यागणिक हलताना दिसतो. अशी काही मुलं दम्याची औषधं घेत राहतात आणि गुण येत नाही.

लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळून टाकतात. तेव्हा तपासायला नमुना मिळावा म्हणून दुर्बिणीतून कोमट सलाईन फुप्फुसाच्या एका भागात सोडून लगेच परत शोषून घेतात. त्या पाण्यात क्षयाचे जंतू, बुरशी, पेशी शोधता येतात. कर्करोगाच्या उपचारांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलात नेमका जंतू कळणं फार मोलाचं असतं. वाटेत घट्ट कफाचा बूच बसला असेल, तर तोही ओढून काढता येतो.

धोके आहेत आणि ते आईवडिलांना आधीच सांगायला हवेत. ऑक्सिजन थोडा वेळ खाली येतो, घसा सुजतो, किंचित रक्त येतं, सलाईननं फुप्फुसाचा भाग धुऊन घेतल्यावर संध्याकाळी ताप चढू शकतो. फुप्फुसाबाहेर हवा साठणं क्वचित घडतं.

(पुन्हा थिएटर.)

आता ताठ नळी आत आहे. भूलतज्ज्ञ हिच्यातूनच ऑक्सिजन देतायत, म्हणून वस्तू काढायला शक्यतो हीच वापरतात. पू शोषून झाला. चिमटा पुढे सरकतो. सहा आठवड्यांत दाणा मऊ झालाय, जोरात दाबला तर त्याचा भुगा होईल. चिमट्यानं तो अलगद धरला. नळीतून निघण्याइतका तो लहान नाही, त्यामुळे दाणा, चिमटा आणि नळी एकदमच बाहेर काढायची. सगळ्यांचं लक्ष मॉनिटरवर. स्वरयंत्राच्या फटीत दाणा निसटला, तर दोन्ही फुप्फुसांची वाट बंद होईल. तसं झालंच, तर तो पुन्हा खाली एका फांदीत ढकलायचा, म्हणजे निदान एका बाजूनं श्वास चालू राहील. हे सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलंय.

निसटला नाही.

भूलतज्ज्ञ उजव्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवतात. हवा जातेय, खालपर्यंत.

बाहेर बाकावर बसलेल्या आईला डॉक्टर गॉजवर ठेवलेला दाणा दाखवतात. तपकिरी, बुळबुळीत, अर्धाच.

"आणि दुसरा अर्धा?" ती विचारते.

"पुन्हा आत जाऊन दोन्ही बाजू शेवटपर्यंत पाहिल्या," डॉक्टर सांगतात. "आता आत काही नाही."