सकाळी बदलू

श्रोतेहो, नमस्कार.

रसायनांच्या कारखान्यांत माझी तीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी रात्रपाळीची. आपल्या खान्देशात कुठलंही काम अडलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, 'काही नही व्हत भो.' त्या वाक्याची मला तेवढी भीती वाटत नाही, कारण ते म्हणणारा माणूस निदान दिसतो आणि त्याच्याशी भांडता येतं. भीती वाटते ती दुसऱ्या वाक्याची. ते कुणी मोठ्यानं म्हणत नाही, वहीत लिहून निघून जातं: 'सध्यापुरतं केलं आहे, सकाळी बदलू.'

एका रात्रीची गोष्ट सांगतो. एका रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे रसायनांची प्रक्रिया जिच्यात होते त्या बंद टाकीत, वरच्या टाकीतून दुसरं रसायन बारीक धारेनं सोडायचं काम चालू होतं. ही प्रक्रिया स्वतःच उष्णता सोडते, म्हणून बाहेरच्या जॅकेटमधून, म्हणजे टाकीभोवतीच्या पोकळ कवचातून, थंड पाणी सतत फिरत असतं. तापमान साठच्या आसपास ठेवायचं. सत्तरला गेलं की धार आपोआप बंद पडते, त्याला इंटरलॉक म्हणतात. लिफ्टचं दार नीट लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही, तसंच हे. त्या रात्री आमचा ऑपरेटर, नशिराबादकडचा एक अनुभवी माणूस, जिना चढून वर आला आणि म्हणाला, "साहेब, अठ्ठ्याहत्तर दाखवतोय आणि धार चालूच आहे." एवढं सांगून तो माझ्या उत्तरासाठी थांबला नाही. त्यानं धारेचा व्हॉल्व्ह हातानं बंद केला आणि थंड पाणी पूर्ण सोडलं. काटा तरीही चढत राहिला. एक्क्याण्णवला जाऊन थांबला आणि मग उतरला. त्या पाच-सात मिनिटांत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

दूध उतू जाताना गॅस बंद केला तरी ते क्षणभर वर येतच राहतं, हे घरोघरी माहीत आहे. रिअ‍ॅक्टरमध्ये त्याहून वाईट होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, आणि गार करण्याची ताकद मात्र तशी दुप्पट होत नाही. ही शर्यत एकदा हातातून सुटली की माणूस मागेच राहतो. (जाता जाता सांगतो, हे फिरतं पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरला खरा त्रास आपल्या मे महिन्यात होत नाही. घरातला कूलर कोरड्या उन्हाळ्यात मस्त चालतो आणि पावसाळ्यात नुसता दमट वारा फेकतो ना, टॉवरचंही तेच. त्याची परीक्षा ऑगस्टच्या दमटीत असते.)

सकाळी पॅनल उघडलं. दोन टर्मिनलच्या मध्ये लाल वायरचा वीतभर तुकडा जोडलेला होता, त्यावर काळी टेप आणि टेपवर धूळ. तापमानाचा सेन्सर मधूनमधून खोटं दाखवायचा आणि उगाच धार बंद पाडायचा, म्हणून कुणीतरी इंटरलॉक बायपास, म्हणजे वायरनं वळसा देऊन निकामी, केला होता. लॉगबुक चाळत मागे गेलो तर नोंद सापडली. 'सेन्सर खराब, सध्या बायपास. सकाळी बदलणे.' तारीख अकरा आठवड्यांपूर्वीची होती आणि खाली सही नव्हती. सेन्सर मध्ये कधीतरी बदललाही गेला होता, पण वायर तशीच राहिली. दोष कुणा एकाचा म्हणू? त्या अकरा आठवड्यांत मीच त्या पॅनलसमोरून किती वेळा गेलो असेन, देव जाणे.

हे आपल्याकडचंच दुखणं आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो नावाच्या गावी 1974 साली सहा रिअ‍ॅक्टर एका ओळीत होते. पाचव्याला तडा गेला. तो काढला आणि चौथ्यापासून सहाव्यापर्यंत तात्पुरता वीस इंची पाइप टाकला. त्याचं ड्रॉइंग काय, तर वर्कशॉपच्या जमिनीवर खडूनं काढलेली आकृती! कारखाना दोन महिने सुरळीत चालला. 1 जूनला तो पाइप फुटला, स्फोट झाला आणि 28 माणसं गेली. शनिवार होता म्हणून एवढ्यावर भागलं. ऑफिस भरलेलं असतं तर आकडा फार मोठा झाला असता.

भोपाळची 1984 मधली 2 आणि 3 डिसेंबरच्या मधली रात्र सगळ्यांना माहीत आहे. टाकीत पाणी शिरलं एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. पण टाकी थंड ठेवणारं यंत्र कित्येक महिने बंद होतं, सुटलेला वायू जाळणाऱ्या मशालीची जोडणी दुरुस्तीसाठी काढलेली होती, आणि वायू धुऊन घेणारी यंत्रणा वेळेला चालू स्थितीत नव्हती. यातलं एकेक पाहिलं तर 'करू नंतर' म्हणण्यासारखंच.

मग हेल्मेट, बूट, हातमोजे, 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ, हे सगळं निरुपयोगी आहे का? नाही. डोक्यावर पाना पडला तर हेल्मेटच वाचवतं. पण एक्क्याण्णव अंशांवरच्या रिअ‍ॅक्टरसमोर हेल्मेट काय करणार? 'इतके दिवस एकही अपघात नाही' हा गेटवरचा फलक बोटं कापली जात नाहीत एवढंच सांगतो. पॅनलच्या आतली लाल वायर त्या फलकावर दिसत नाही.

त्या रात्रीनंतर आम्ही एक जाड वही सुरू केली. कुठलीही सुरक्षा यंत्रणा बंद करायची तर त्यात लिहायचं: कोण मागतो, कोण परवानगी देतो, तोपर्यंत तिच्याऐवजी नजर कोण ठेवणार आणि मुदत किती. मुदत संपली की यंत्रणा पुन्हा चालू करायची, नाहीतर वरच्या साहेबानं स्वतः येऊन पुन्हा सही करायची. ही शेवटची अट सगळ्यांना जाचायची आणि कामही तीच करायची. सही करायला चौथ्यांदा जिना चढावा लागला की साहेब सुटा भाग बरोब्बर मागवतात.

दुसरी गोष्ट पाळी बदलण्याची. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर 6 जुलै 1988 ला एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि त्या जागी नुसती झाकणपट्टी लावलेली होती. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हाच चालू केला. 167 माणसं गेली. म्हणून मी म्हणतो, पाळीचा चार्ज सायकल स्टँडवर देऊ नका. पॅनलसमोर दोघांनी उभं राहून, काय उघडं आहे, काय काढलं आहे, ते बोटानं दाखवून द्या. पाच मिनिटं उशिरा घरी गेल्यानं भाकरी फार तर गार होईल.

आता कारखान्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी. 31 ऑगस्ट 2019 ला शिरपूरजवळ वाघाडीला कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा आजूबाजूच्या गावांच्या तोंडी एकच प्रश्न होता: आम्ही काय करायचं? मोठा धोका असलेल्या कारखान्यांसाठी 1989 चे नियम आहेत. अशा कारखान्यानं दर सहा महिन्यांनी आतल्या आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम घ्यायची आणि आजूबाजूच्या लोकांना धोका काय, वेळ आली तर काय करायचं, हे आधीच कळवायचं. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. ग्रामसभेत विचारा. वायू सुटला तर वाऱ्याच्या दिशेनं पळू नका, तो तुमच्यामागेच येईल. वाऱ्याला आडवं निघा, तोंडावर ओलं फडकं धरा.

वारा कुठला ते कारखान्याच्या छपरावरची कापडी पिशवी सांगते. उद्या जाता-येता वर बघा. आपल्या उन्हात ती वर्षभरात विटते, फाटते, आणि नुसती काठी उरते. तशी दिसली तर गेटवर जाऊन सांगा. 'नवी आणतोय' म्हणतील. कोणत्या तारखेला, ते विचारा.

नमस्कार.