ओट्याखाली साचलेला गॅस

(दृश्य : पहाट. अंधारलेलं स्वयंपाकघर. कुणीतरी दार ढकलतं.)

दार उघडताच नाकात उग्र दर्प शिरतो, सडक्या कोबीचा असावा तसा. हात सवयीनं दिव्याच्या बटणाकडे जातो. थांबा. बटण दाबू नका. एक्झॉस्ट फॅनचंही नको. पंखा चालू असेल तर तो बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा उडू शकते.

खरं तर टाकीतल्या गॅसला, म्हणजे प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणाला, स्वतःचा असा वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात, तेही अगदी किंचित. मार्च १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेखाली बिनवासाचा नैसर्गिक गॅस साचत गेला आणि कुणाला पत्ता लागला नाही. स्फोटात तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक शाळकरी मुलं. गॅसला वास देण्याची सक्ती टेक्सासनं त्यानंतर केली.

(दृश्य : कॅमेरा फरशीलगत सरकतो. ओट्याखालची टाकी, फ्रिजमागची फट, मोरीची जाळी.)

टाकीतला गॅस हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड. तो पाण्यासारखा उतरतो आणि सखल जागी साचतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही सताड उघडायचं. पाइपनं येणारा गॅस मात्र हलका, थेट छताकडे जाणारा. गळतीचा अलार्म टाकीसाठी फरशीपासून फूटभराच्या आत लावायचा, पाइपसाठी छताजवळ. अनेक घरांत तो नेमका उलटा लागलेला असतो! आणि अलार्म हवाच, कारण सर्दीत नाक फसतं, धडधाकट नाकही थोड्या वेळात त्या वासाला सरावतं.

रेग्युलेटर बंद करा, काढा, टाकीला दोरीनं बांधलेलं प्लास्टिकचं टोपण घट्ट बसवा. (हे टोपण बहुतेक घरांत पोरांच्या खेळण्यात सापडतं.) मग बाहेर पडा, आणि बाहेरूनच १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन लावा.

(दृश्य : वाटीत साबणाचा फेस. ब्रश.)

एरवी शंका आली तर काडी पेटवून बघणारे महाभाग अजूनही आहेत. फेस पुरेसा आहे. शेगडी बंद, रेग्युलेटर चालू ठेवून फेस सांध्यावर लावा, नळीच्या दोन्ही टोकांना लावा. केशरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तुमच्या नळीवरचं साल वाचा.

(दृश्य : सांध्यावर एक बुडबुडा हळूहळू फुगतो. एक हात रेग्युलेटर बंद करतो.)