डुमस: खान्देशचा समुद्र

[दृश्य: पहाटेचं नंदुरबार स्टेशन. फलाटावर पिशव्या, पाण्याचे कॅन, झोपाळलेली पोरं.]

खान्देशला समुद्र नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारचा नकाशा कसाही फिरवून बघा. सातपुडा सापडेल, केळीच्या बागा सापडतील, खारं पाणी काही सापडायचं नाही. तरीही सुट्ट्या लागल्या की अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारच्या फलाटांवर पोरं एकच धोशा लावतात: समिंदर. हा समिंदर जुहूचा नसतो, अलिबागचाही नसतो. तो असतो सुरतचा, डुमसचा.

कारण सुरतेत मामा राहतो.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा. या वस्त्यांमधून फिरलं की अहिराणी कानावर पडतेच. कोरडवाहू शेतीत भागेना म्हणून गेलेली माणसं यंत्रमागावर लागली, साडीच्या बाजारात लागली, कपडा रंगवणाऱ्या कारखान्यांत लागली आणि तिथलीच झाली. महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग आले. श्रावणात कानबाई ही खान्देशची देवी बसते, तिचे रोट होतात. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील हेसुद्धा जन्माने जळगाव जिल्ह्यातले.

[दृश्य: धावती गाडी. खिडकीतून कापूस, मग टेकड्या, मग साग.]

सुरतेहून अमळनेरपर्यंतचा हा लोहमार्ग ताप्ती व्हॅली रेल्वे नावाच्या कंपनीने टाकला आणि १९०० च्या सुमारास तो सुरू झाला. त्याआधीही ही वाट होतीच. बुऱ्हाणपूरचं कापड नंदुरबारवरून सुरतेच्या बंदरात उतरायचं. इंग्रज राजाचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये जहाजातून उतरला तो याच बाजूने बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझच्या दरबारी गेला. तो समुद्राकडून आत आला, आपण आतून समुद्राकडे निघालोय.

डब्यात दशम्या निघतात, लसणाची चटणी निघते. नवापूर आलं की मोबाइल बाहेर येतात. या स्टेशनचा काही भाग महाराष्ट्रात आहे, काही गुजरातमध्ये. राज्यांची हद्द फलाटावरच्या बाकड्यामधून जाते. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, असा फोटो काढायचा आणि गाडी सुटायच्या आत पळत डबा गाठायचा.

[दृश्य: सुरत. डुमस रोड. काचेच्या इमारती, झगमगती दुकानं, लांबलचक गाड्या.]

सुरतेत कुणी डुमस रोडला राहतो म्हणाला की ऐकणारा जरा सावरून बसतो. पिपलोदपासून निघणारा हा रस्ता म्हणजे शहराचा दिखाऊ चेहरा. मॉल, कॉफीची दुकानं, लग्नांचे लॉन, पुढे विमानतळ. शनिवारी संध्याकाळी अख्खं सुरत इथे नटूनथटून बाहेर पडतं, कारण या शहराला कमवायला जितकं आवडतं तितकंच उधळायलाही. आपला मामा त्याच रस्त्याने सिटी बसने जातो. दुकानांच्या काचेआड टांगलेलं कापड कुणाच्या मागावर निघालं असेल, हा विचार तो करत नाही. त्याला बसमध्ये खिडकीजवळची जागा हवी असते.

शहरापासून वीसेक किलोमीटरवर रस्ता संपतो. आधी येतं दर्या गणेशाचं देऊळ, मग घोडे, उंट, मक्याची कणसं भाजणाऱ्या शेगड्या. पोरं चपला हातात घेऊन धावत सुटतात आणि मधेच थबकतात.

"मामा, पानी कोठे गयं?"

"येई. थांब जरासा."

[दृश्य: ओहोटी. नजर जाईल तिथवर ओला, चमकता गाळ.]

डुमसला पहिल्यांदा आलेला माणूस हमखास फसतो तो इथे. खंभातच्या आखातात देशातली सगळ्यात मोठी भरती-ओहोटी होते. आखात आत निमुळतं होत जातं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी वर चढतं. डुमस या आखाताच्या तोंडाशी आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे सरतं की समुद्र नुसता क्षितिजावरची एक रेघ उरतो. साधारण सहा तासांनी तेच पाणी परत येतं, आणि किनारा सपाट असल्यामुळे भराभर येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारायलाच नको. वाळू वरून घट्ट दिसते, खाली चिखल असतो. २०२५ च्या पावसाळ्यात एक महागडी मर्सिडीज इथे रुतून बसली आणि देशभर तिची चेष्टा झाली. किनाऱ्यावर गाड्या उतरवायला बंदी असूनही फॅशनेबल मंडळींना चाकं पाण्याला लावल्याशिवाय फोटो पुरा झाल्यासारखं वाटत नाही. पोहायला तर इथे येऊच नये. डुमसला माणूस बघायला येतो आणि खायला येतो.

आणि ही वाळू काळी आहे. इंटरनेटवर या काळ्या वाळूच्या जोडीला भुतंही दिली आहेत. इथे पूर्वी मसण होतं म्हणे, रात्री आवाज येतात म्हणे. रविवारी संध्याकाळी या आणि बघा, भुताला उभं राहायला जागा मिळाली तर!

शिंदखेड्याहून आलेल्या एका घरातल्या आजीला काळ्या वाळूचं काहीच नवल वाटलं नाही. खाली वाकून तिने मूठभर उचलली, बोटांत चोळली.

"हाई ते आपलीच माटी शे."

[दृश्य: तळहातावर काळी वाळू. दोऱ्याला बांधलेलं चुंबक तिच्यावरून फिरतं, बारीक कण त्याला मिशीसारखे चिकटतात.]

आजी भूगोल शिकलेली नाही, पण तिचं बोलणं फारसं चुकीचं नाही. कापूस पिकवणारी आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झाली. त्याच खडकात मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट असतं, लोहाचे जड, काळे कण. खडक झिजला की ते नदीत येतात आणि नदी त्यांना समुद्राशी आणून टाकते. आता ही नदी कोणती, ते खान्देशी माणसाला सांगायला हवं का?

तापी. मध्य प्रदेशात मुलताईला निघते आणि ७२४ किलोमीटर चालून डुमस आणि हजिऱ्याच्या मध्ये समुद्राला मिळते. वाटेत चांगदेवला पूर्णा मिळते. मग वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, गोमाई. खान्देशात एखाद्या नाल्यात लघवी केलीत तरी ती सुरतेला पोहोचते, असं मामा म्हणतो. मामी त्याच्याकडे डोळे वटारून बघते, कारण तिच्या लेखी तापी ही सूर्याची मुलगी आहे आणि तिच्याबद्दल असलं बोलायचं नसतं.

[दृश्य: तव्याएवढ्या कढईत उकळतं तेल.]

दोघांचं भांडण भज्यांच्या गाडीपाशी मिटतं. डुमसची टोमॅटोची भजी साऱ्या सुरतेत मशहूर आहेत. घट्ट, पिकलेला टोमॅटो आडवा चिरून जाड चकती काढायची. तिच्यावर कोथिंबीर-लसणाची हिरवी चटणी बोटाने थापायची, इतकी की लाल रंग दिसता कामा नये. मग चण्याच्या पिठात बुडवून थेट तेलात. बाहेरून कुरकुरीत होतात, आत टोमॅटो रसाळ राहतो आणि पहिल्या घासाला जीभ हटकून भाजते. सुरती माणूस डोळे मिटून खातो. शिंदखेड्याच्या आजीचं मत वेगळं पडलं. "तिखं ते नहीच शे!" असं म्हणून तिने पिशवीतून ठेच्याची डबी काढली. भजीवाला बघतच राहिला. थंडीत आलात तर सुरतेत पोंकही मिळेल, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, शेव आणि लिंबू घालून. त्याचा भाव ऐकून गावाकडचा शेतकरी आधी हसतो आणि मग हिशोब करत बसतो.

[दृश्य: भरती. तांबूस, गढूळ लाटा. कमरेवर साड्या खोचलेल्या बायका.]

पाणी आलं. निळं नाही, गढूळच. इथले जोरदार प्रवाह तळाचा गाळ सतत ढवळत असतात. आजी ओंजळ भरून डोळ्यांना लावते आणि म्हणते, तापीमाय.

इथे मात्र खरं सांगितलं पाहिजे. मे महिन्यात डुमसला पायाशी येणाऱ्या पाण्यात तापीचं फारसं काही नसतं. १९७२ मध्ये उकाई धरण पुरं झालं. त्यात नवापूरकडची गावंही गेली. नदीचं पाणी आधी तिथे अडतं, मग काकरापारला कालव्यांत वळतं, आणि जे उरतं ते सुरत शहर सिंगणपोरच्या बंधाऱ्यावर अडवून पितं. वरून येणारा गाळही बहुतेक उकाईतच बसतो. आजीच्या मुठीतली माती आपल्याकडची असेलही, पण ती जुनी आवक आहे.

तापी खऱ्या अर्थाने समुद्राला भेटते ती पावसाळ्यात, आणि तेव्हा सुट्टीतली ही पोरं डुमसला नसतात. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडवला होता. लिंबायतमधल्या ज्या घरांनी ते दिवस पाहिलेत, ती टीव्हीवरच्या बातमीची वाट बघत नाहीत. वर संततधार लागली की मामा भुसावळच्या पाहुण्याला फोन लावतो. खुशाली वगैरे नंतर. पहिला प्रश्न, तापीवरच्या हतनूर धरणाचे किती दरवाजे उघडले? पलीकडून उत्तर येतं, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. मामा फोन ठेवायच्या आत मामीने गव्हाचं पिंप माळ्यावर चढवायला घेतलेलं असतं.