जुन्या फियाटला कोणता रंग द्यायचा?

नमस्कार मंडळी. फियाटच्या रंगावर ऐकायला एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं. कारण काय होतं बघा, गाडी रिस्टोर करायला घेतली की लोक इंजिनावर महिनोन्‌महिने बोलतात, एका कार्बोरेटरसाठी अख्खा चोर बाजार पालथा घालतात, आणि रंगाचं मात्र पेंटच्या दुकानात ट्यूबलाइटखाली उभं राहून, शेडकार्ड हातात घेऊन दहा मिनिटांत उरकून टाकतात. मग तोच रंग पुढची पंधरा-वीस वर्षं डोळ्यांसमोर. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे, की शेडकार्ड उघडायच्या आधी गाडी उघडा. तिचा पहिला रंग तिच्या अंगावर कुठेतरी असतोच. तो शोधा, उन्हात बघा, मग ठरवा तोच द्यायचा की दुसरा.

मी बोलणार ते फियाटबद्दल, म्हणजे पन्नासच्या दशकातली, लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात, तिच्यापासून पद्मिनीपर्यंत. ही गाडी आपल्या कुर्ल्यात बनली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, सुरुवातीला तिथे डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या, मग पन्नासच्या दशकात फियाट आली, १९६४ मध्ये डिलाइट आली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. डिलाइटपासून नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत बॉडीचा आकार जवळजवळ तोच. त्यामुळे कोणी विचारलं की 'फियाटचा ओरिजिनल रंग कोणता' तर त्याला एक उत्तर नाही, तुमच्या गाडीचा कोणता एवढंच विचारता येतं. आणि तेव्हा बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं थांबलेले असायचे हो, नंबर लागला की जी गाडी आली ती हार घालून घरी आणायची, रंगावरून नाक मुरडणार कोण? फिकट राखाडी आली तर राखाडी, क्रीम आली तर क्रीम. घराला रंग नशिबाने मिळाला, आणि मग त्याच रंगाच्या गाडीत लग्नं झाली, बाळंतिणी घरी आल्या, गणपती आले. म्हणून मी म्हणतो तो रंग आधी शोधा.

आता कुठे शोधायचा. बाहेरून दिसतं त्यावर अजिबात जाऊ नका, चाळीस-पन्नास वर्षांची गाडी दोन-तीन वेळा तरी रंगलेली असते. ग्लोव्ह बॉक्स काढा आणि मागे टॉर्च मारा. डॅशबोर्डखालचा पत्रा बघा. दरवाजाचं रबर बिडिंग उचला, नंबर प्लेट काढून तिच्या मागे बघा, डिकीतलं मॅट उचला, दरवाजाचं आतलं पॅड काढा. पेंटरची गन जिथे पोचली नाही आणि ऊनही पोचलं नाही अशी जागा हवी. या गाडीत आतला बराच पत्रा उघडाच असतो, त्यामुळे अशा जागा भरपूर मिळतात, नव्या गाड्यांमध्ये सगळं प्लॅस्टिकने झाकलेलं असतं तसं नाही.

आणि जिथे नुसतं बघून कळत नाही तिथे खिडकी काढायची. म्हणजे दरवाजाच्या कडेला, बाहेरून दिसणार नाही अशी रुपयाएवढी जागा घ्यायची, चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा आणि बोटाच्या टोकाने गोल गोल, हलक्या हाताने घासायचं. घाई करायची नाही. रंग सावकाश उतरत जातो आणि वलयं दिसायला लागतात, सगळ्यात बाहेरचं वलय शेवटच्या रंगाचं, मग पुट्टी किंवा राखाडी सरफेसर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मग मधला रंग, पुन्हा प्रायमर, आणि अगदी मध्यभागी चकचकीत पत्रा. त्या पत्र्याला चिकटून असतं ते कारखान्याचं प्रायमर, आणि त्याच्यावरचा पहिला रंग तो तुमचा. मग आठशे, हजार नंबर मारून जागा गुळगुळीत करा आणि जरा रबिंगची पेस्ट लावून घासा, रंग उजळतो. माझ्याकडे एक मरून डिलाइट आली होती, तिच्या बिडिंगखाली मरूनच निघाला, मालक म्हणाले झालं तर मग, मरून द्या. खिडकी काढली तर मरूनच्या खाली पांढरा, त्याच्याखाली अगदी फिकट हिरवा, चाफ्याच्या कोवळ्या पानासारखा. मालकांच्या आईंना फोन करून विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, अरे हो, हिरवीच होती की, तुझे बाबा तिला पोपट म्हणायचे.

दोन गोष्टी मात्र पाळा. एक, हे घासणं नेहमी ओलंच करायचं. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाची रंगद्रव्यं असायची, कोरडं घासलं की ती धूळ सरळ फुप्फुसात. पोरंबाळं आजूबाजूला नकोत. दुसरी गोष्ट, एकाच जागी बघून निर्णय नको. दरवाजा किंवा मडगार्ड कधीतरी दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असू शकतं, तीन-चार वेगवेगळ्या पॅनलवर खिडक्या काढा आणि सगळीकडे तळाला तोच रंग आला तरच खरं माना.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, की गाडी मूळची निळी होती, पण वडिलांनी १९८५ च्या सुमारास लाल करून घेतली, आम्हा भावंडांना लालच आठवते, मग काय करायचं? ताई, लाल द्या. मी ओरिजिनलच्या बाजूने बोलतो हे खरं, पण वडिलांनी हौसेने दिलेला रंग हाही त्या गाडीचाच इतिहास आहे, तो काही परक्याने फासलेला नाही. फक्त एवढं करा, की डॅशबोर्डखाली तळहाताएवढी निळी जागा पेंटरला मास्किंग टेप लावून झाकायला सांगा आणि तशीच ठेवा. उद्या तुमच्या नातवाला बघायचं असेल तर पुरावा गाडीतच राहील. मी तर म्हणतो रंग तोच देत असाल तरी असा एक तुकडा राखाच.

आता ज्यांना रंग बदलायचाच आहे त्यांच्यासाठी. आधी खर्च समजून घ्या. रंग तोच असेल तर बाहेरून काम भागतं, पण रंग बदलायचा म्हणजे बॉनेटच्या आतली बाजू, इंजिन बे, डिकी, चारही दरवाजांच्या कडा, खिडकीच्या आतल्या चौकटी, डॅशचा पत्रा, सगळं नव्या रंगात यायला हवं. म्हणजे इंजिन उतरवा, काचा काढा, सीट काढा, वायरिंग सोडवा. हे न करता नुसती बाहेरून गाडी मारली तर दरवाजा उघडला की जुना रंग डोकावतो आणि सगळी मेहनत पाण्यात. मजुरी रंगाच्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे शेडवर दोन-चार हजार वाचवायचा विचार तर सोडूनच द्या.

आणि गाडीचा आकार काय मागतोय ते बघा. फियाटची बाजू बरीच सपाट, त्यावर एक बारीक क्रोमची पट्टी, मागे छोटेसे पंख, पुढे गोल दिवे आणि क्रोमचा बंपर. या बॉडीला सॉलिड रंग शोभतो, क्रीम, फिकट राखाडी, आकाशी, गडद निळा, तो फिकट हिरवा. मेटॅलिक नको, अगदी कळकळीने सांगतो. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि त्याची चमक आजच्या गाडीच्या वळणदार पत्र्यावर खुलते, कारण उजेड वळतो तसा रंग हलतो. फियाटच्या सपाट दरवाजावर तो कण नुसताच चकाकत राहतो, आणि क्रोमची पट्टी, जी त्या गाडीचा दागिना आहे, ती मरून जाते.

काळ्या रंगाचा मोह पुष्कळांना होतो. काळी फियाट अप्रतिम दिसते, वाद नाही, पण काळा रंग डेंटरची परीक्षा घेतो. पत्र्यात जरा लहर राहिली, पुट्टी कुठे कमी-जास्त झाली, की समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब तिथे वाकडं होतं आणि शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवतं. फिकट रंगात तेच काम झाकून जातं. शिवाय या गाडीत सहसा एसी नसतो, नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात काळ्या गाडीत बसायचं म्हणजे विचार करा. कोणाला काळी-पिवळी करायची असते, ते प्रेम मला समजतं, मुंबईत वाढलेल्या माणसाला कसं समजणार नाही. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ताडदेव आरटीओला २९ ऑक्टोबर २००३ ला झाली आणि वीस वर्षांच्या मर्यादेप्रमाणे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. पण तो रंग टॅक्सीचा आहे, खाजगी गाडी तशी रंगवून रस्त्यावर काढलीत तर अडवणारच. तसाच ऑलिव्ह ग्रीन. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, जुन्या जीपवाल्यांनी तर हे खास लक्षात ठेवा. आणि रंग बदलला की आरसीवर तो बदलून घ्यायचा, विमा कंपनीलाही कळवायचं. २०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची, त्यात अट चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन मूळ असण्याची आहे. म्हणजे ज्यांना तो नंबर घ्यायचाय त्यांनी पेंटच्या नादात बॉडीला कापाकापी करू नये.

रंग कोणत्या जातीचा हा प्रश्नही शेडइतकाच मोठा आहे. जुन्या गाड्यांना एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग असायचा, ज्याला गॅरेजमध्ये अजून ड्युकोच म्हणतात. ड्युको हा ड्युपाँट कंपनीचा १९२० च्या दशकातला रंग, त्याच्या आधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, ते काम तासांवर आलं. एनसीची चमक मऊ असते, खोल असते, हाताने पॉलिश करून येते, आणि जुन्या गाडीवर तिच्यासारखं काही दिसत नाही. पण ती उन्हाने फिकी पडते, पेट्रोल सांडलं तर डाग पडतो, आणि पावसाळ्यात मारलात तर हवेतला ओलावा धरून रंग पांढुरका पडतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात एनसीचं काम काढूच नका. टू के पीयू, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, टिकतो, त्यात रंग कडक करणारा हार्डनर असतो. रोज नाही पण नियमित गाडी चालवणाऱ्याने पीयूच घ्यावा, मात्र पेंटरला सांगायचं की सिंगल स्टेज सॉलिड मार, म्हणजे रंग आणि चमक एकाच थरात, वरून पारदर्शक क्लिअर कोटचा जाड थर नको. त्या क्लिअर कोटनेच जुनी गाडी खेळण्यातल्या गाडीसारखी दिसायला लागते. आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासात जाणं फार वाईट, एकदा दम्यासारखा त्रास जडला की पेंटरला तो धंदाच सोडावा लागतो. तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणारी पोरं मी बघतो तेव्हा जीव तुटतो. बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क पेंटरला द्या, त्याचे पैसे बिलात वेगळे मागितले तर घासाघीस करू नका.

आता शेड जुळवणं. मोठ्या दुकानात मशीन असतं, ते तुम्ही घासून काढलेल्या त्या खिडकीवर ठेवलं की फॉर्म्युला काढून देतं. ती सुरुवात समजा. मशीनच्या यादीत आजच्या गाड्यांचे रंग असतात, १९६८ च्या कुर्ल्याच्या राखाडीला ते जवळचा काहीतरी देणार. पुढचं काम टिंटरचं, म्हणजे शेड हलवायला मिसळायच्या रंगांचं, आणि डोळ्याचं, थेंबाथेंबाने. ओल्या रंगावर कधीही हो म्हणू नका, वाळल्यावर शेड बदलते. हाताएवढ्या कार्डावरही नाही. जुना बॉनेट किंवा दरवाजाएवढा पत्रा घ्या, त्यावर गाडीला मारणार तेच सरफेसर मारा, कारण लाल-पिवळ्यासारखे रंग खालचा रंग वर दाखवतात, राखाडीवरचा लाल आणि पांढऱ्यावरचा लाल वेगळे दिसतात. मग तो पत्रा झोपवून नाही, उभा करून बघा, दरवाजा उभाच असतो ना. सकाळी, दुपारी बाराला, संध्याकाळी, आणि रात्री ट्यूबखाली. दोन शेड उन्हात एकसारख्या आणि ट्यूबखाली वेगळ्या दिसतात असं होतं, रंगद्रव्यं वेगळी असली की होतंच, त्यात उन्हातली जुळणी खरी मानायची. शेजारी सीटच्या रेक्झिनचा तुकडा आणि क्रोमची पट्टी धरा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा, त्यांचा डोळा मशीनपेक्षा चांगली आठवण ठेवतो.

एकदा ठरलं की अख्ख्या गाडीचा रंग एकाच वेळी मिक्स करून घ्यायचा, दोन खेपांत कधीच नाही. त्यातला अर्धा लिटर रंग, हार्डनर न घालता, हवाबंद डब्यात टचिंगसाठी बाजूला ठेवा, आणि फॉर्म्युला कागदावर लिहून आरसीच्या फाइलमध्ये घाला, कारण दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तो दहा वर्षांनी असेलच असं नाही.

प्रश्न असतील ते आता बाहेर घेऊ, कारण मागच्या अंगणात पाच पत्रे उभे करून ठेवलेत, त्यातले दोन एकाच क्रीमचे आहेत, एक एनसी आणि एक पीयू, आणि ते इथे ट्यूबखाली काही कळायचे नाहीत. ऊन आहे तोवर चला.